हिराबाईंचे सात गुंठे

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर रेडिओ मध्ये ठेवून गटाच्या बैठकीला बसला असाल, सगळ्यांना आमचा नमस्कार. आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. एरवी आम्ही हप्ते, बँकेचं कर्ज, शेळ्या, पापड-लोणची यावर बोलतो. आज बोलणार आहोत ते घरातलं माणूस गेल्यावर जमीन, घर आणि पैसा कुणाच्या नावावर जातो यावर. विषय अशुभ वाटेल. पण ज्या घरात हे आधी बोललेलं नसतं, त्या घरातल्या बाईची पुढं काय गत होते ते आम्ही जवळून बघितलंय.

आमच्या एका गटातल्या ताईंचा नवरा अचानक गेला. दोन मुलं शाळेत. शेत पावणेदोन एकर, सगळा ऊस. दिवसकार्य झाल्यावर ताई हप्ता भरायला आल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "मॅडम, सातबाऱ्याला माझं नाव लागंल काय?" आम्ही काय सांगावं? आम्ही म्हणालो, "आत्ता कुठं घाई करताय, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू." आम्हाला वाटलं, दुःखातल्या बाईला कागदाच्या मागं कशाला लावायचं. त्या एका वर्षात उसाचं बिल दिराच्या खात्यावर गेलं. वर्षानं उतारा काढला तर कळलं, सातबारा नवऱ्याच्या नावावरही नव्हता. तो अजून सासऱ्यांच्या नावावर होता, आणि सासरे जाऊन ११ वर्षं झाली होती. चूक आमची होती. म्हणून हे भाषण.

आपल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्हाला ठाऊक आहे. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. ज्या मातीत शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तिथंच हे झालं याचा आपल्याला अभिमान आहे. पण मैत्रिणींनो, कुंकू राहिलं आणि सातबाऱ्यावर नावच आलं नाही, तर त्या बाईच्या हातात काय राहिलं?

आता शेजारच्या सांगलीची एक गोष्ट सांगतो. ही खरी आहे, वकील लोक आजही ती कोर्टात सांगतात. खंडाप्पा मगदूम नावाचे गृहस्थ १९६० च्या जानेवारीत वारले. मागं पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं अशी एकत्र कुटुंबाची मिळकत. हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. दाव्याचा नंबर १९६३ सालचा. निकालाचं नाव 'गुरुपाद विरुद्ध हिराबाई'. गुरुपाद हा त्यांचाच मुलगा.

हिशेब समजायला आपण सगळी मिळकत २४ गुंठे धरू. खालच्या कोर्टानं हिराबाईंना दिला किती? एक गुंठा. त्या वरच्या कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, एक नाही, सात. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना निकाल लागला, की हिराबाईंचा वाटा सातच गुंठे.

एकाचे सात कसे झाले, ते बोटांवर मोजा. खंडाप्पा जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर चार वाटे पडले असते, नवरा, बायको आणि दोन मुलगे. प्रत्येकी सहा गुंठे. म्हणजे सहा गुंठे हिराबाईंचे स्वतःचेच होते. मग खंडाप्पांच्या सहा गुंठ्यांचे सहा वारस, म्हणजे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. एकेकाला एक गुंठा. सहा आणि एक सात. खालच्या कोर्टानं नवऱ्याकडून आलेला एक तेवढा धरला आणि बायकोचा स्वतःचा वाटा सोडून दिला होता. घरात आपलंही हेच होतं. नवऱ्याचं काय ते बघतात, बाईचं स्वतःचं काय ते कुणी मोजतच नाही.

पण या हिशेबात एक खोट होती, ती हिराबाईंच्या मुलींची. दोन्ही मुलग्यांना सात-सात गुंठे आणि तिन्ही मुलींना एकेक. कारण त्या वेळी वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं वाटा नव्हता. आपल्या महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरचा कायदा बदलला आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माचा आहे, त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला पाहिजेत असं नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी केलेली किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी परत उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी मागंच झाली," एवढं म्हणून भागत नाही, त्याला सरकारी कागदाचा आधार लागतो.

आता तेच २४ गुंठे आजच्या कायद्यानं वाटा. वाटे पडतील सात, आई, बाप आणि पाच मुलं. बापाचा वाटा पुन्हा सहा वारसांत. बेरीज केली तर सहाही जणांना चार-चार गुंठे येतात. हिराबाईंचे सातावरून चार झाले, आणि प्रत्येक मुलीचे एकावरून चार. म्हणजे आईच्या पदरातलं थोडं गेलं आणि लेकींच्या ओटीत आलं. हे लक्षात ठेवा, पुढं याची गरज लागणार आहे.

हा झाला वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब. नवऱ्यानं स्वतः कमावलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिशेब सोपा आहे. नवऱ्याची आई, बायको, मुलगे, मुली, सगळ्यांना सारखं. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. मागं सासूबाई, तुम्ही, एक मुलगा, एक मुलगी असाल तर प्रत्येकी २० गुंठे. यात दीर येत नाही. सासरेही पहिल्या फळीत येत नाहीत. बाईनं पुढं दुसरं लग्न केलं तरी वारसानं मिळालेला वाटा परत घेता येत नाही. हा कायदा हिंदूंबरोबर लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख घरांनाही लागू आहे. आमच्या मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा आहे. मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा, आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्र एक तृतीयांशापुरतंच. हिशेब वेगळा असला तरी वाटा त्यांनाही आहेच.

आता करायचं काय, ते क्रमानं सांगतो. गटाच्या वहीत कुणीतरी लिहून घ्या.

पहिलं, मृत्यूची नोंद. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. बँक, सोसायटी, विमा, चावडी, प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात.

दुसरं, उतारे. सातबारा आणि आठ-अ काढा आणि नाव कुणाचं आहे ते वाचा. आमच्या ताईंसारखं सासऱ्यांचंच नाव निघालं, तर आधी सासऱ्यांचे वारस लावायचे, मग नवऱ्याचे. नावाच्या मागं 'ए.कु.मॅ.' असं लिहिलं असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कारभारी, एकटा मालक नव्हे. खाली 'इतर हक्क' या रकान्यातही बघा, तिथं बहिणींची नावं कोपऱ्यात घालून ठेवलेली असतात.

तिसरं, वारस नोंद. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. तोंडी किंवा लेखी असं कायदा म्हणतो, तरी तुम्ही लेखीच द्या आणि पोच घ्या. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, उतारे, रेशनकार्ड, आधार आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. सगळ्या म्हणजे सगळ्या, लग्न होऊन गेलेल्या लेकीसुद्धा. मग तलाठी फेरफार धरतात, ज्याला आपल्याकडं डायरी म्हणतात. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कुणी हरकत घेतली तर मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतात. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडं ६० दिवसांत अपील करता येतं. तीन महिने उलटून गेले म्हणून हक्क बुडत नाही, उशिरा का होईना अर्ज करा. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारनं 'जिवंत सातबारा' ही मोहीम राज्यभर घेतली, ती मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं यावीत म्हणूनच. गावोगाव मेलेल्या माणसांच्या नावावर किती जमीन पडून असेल, याचा विचार करा.

चौथं, घर. सातबाऱ्याला नाव लागलं म्हणजे घराला लागलं असं होत नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तसंच साखर कारखान्याचा शेअर, विकास सोसायटी आणि दूध संस्थेचं सभासदत्व, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज.

इथं एक भीती घालतात. "नाव लावलंस तर सोसायटीचं कर्ज तुझ्या डोक्यावर येईल." मैत्रिणींनो, गेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या मिळकतीतून फेडायचं असतं. वारसाला जेवढं मिळालं त्याच्यापलीकडं तिच्या स्वतःच्या कमाईतून ते वसूल करता येत नाही. तुम्ही स्वतः जामीन असाल किंवा नव्यानं कर्जदार म्हणून सही केली, तर गोष्ट वेगळी. म्हणून नाव लावायला भिऊ नका, सही करायला भ्या.

सहीवरून पाचवं आणि सगळ्यात मोठं. रक्षाविसर्जनापासून बाराव्या-तेराव्यापर्यंत कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. घरात पाव्हणे भरलेले असतात, डोकं ठिकाणावर नसतं, आणि "नुसती नाव कमी-जास्तीची सही आहे" म्हणून कागद पुढं येतो. तो हक्कसोडपत्र असू शकतो. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नोंदणी करावी लागते, साध्या कागदावर तो सुटत नाही. म्हणून "तालुक्याला जाऊन येऊ" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कशाला? कागद घरी आणा, वाचून घ्या, गटात आणा, आम्ही वाचून दाखवू. फसवून सही घेतली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कोर्टात तो कागद रद्द करून मागता येतो. उशीर करू नका.

आता मृत्युपत्राबद्दल. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच. साक्षीदार असे घ्या, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही आणि जे तुमच्यापेक्षा वयानं लहान आहेत. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ते खरं. माणूस स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहू शकतो, तुमचा आणि लेकरांचा वाटा तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. पण स्वतःची कमाई तो कुणालाही देऊ शकतो, हेही खरं आहे. म्हणून दिरानं मृत्युपत्र आहे म्हटलं तर घाबरू नका आणि भांडूही नका. म्हणा, "प्रत द्या." मग साक्षीदार कोण, तारीख कुठली, त्या तारखेला माणूस दवाखान्यात बेशुद्ध होता का, ते बघा.

"प्रोबेट आणा," असं काही जणी ऐकून येतात. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टानं मारलेला शिक्का. त्याची सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा शहरांपुरती होती. कोल्हापूर जिल्ह्यात केलेल्या आणि इथल्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. बँकेतल्या पैशाला नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल, तर कोर्टाकडून वारसा दाखला आणावा लागतो. तो वेगळा.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. ते काढणारे जयंतराव साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या घरातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्युच्युअल फंडाच्या पैशाला नॉमिनी एक आणि मृत्युपत्र वेगळं, असा तो प्रश्न होता. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला, की नॉमिनीनं पैसा सांभाळायचा, मालक ठरतात ते मृत्युपत्रानं किंवा वारसानं. बँकेच्या ठेवीलाही हाच नियम. विम्यात २०१५ पासून थोडा फरक आहे. तिथं नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. त्यामुळं दोन्ही करा. नॉमिनी लावा म्हणजे पैसा लवकर हातात येईल, आणि मृत्युपत्र करा म्हणजे पुढं भांडण होणार नाही.

मृत्युपत्र पुरुषांनीच करायचं असतं असंही नाही. गटातून मिळवलेली म्हैस, तुमचं सोनं, तुमच्या नावची ठेव ही तुमची आहे. मूलबाळ नसलेली विधवा बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःची कमाई तिच्या आईआधी नवऱ्याच्या वारसांकडं जाते. आईला द्यायचं असेल तर लिहून ठेवावं लागतं.

आता त्या ताईंचं पुढं काय झालं ते सांगतो. सासऱ्यांचे वारस लावायचे म्हटल्यावर नणंदेचं नाव आलं. ताई आमच्यावर रागावल्या. "तुम्ही माझं नाव लावायला आलाय का तिचं?" बैठकीत दोन महिने बोलल्या नाहीत. आम्हालाही वाईट वाटलं. मग एक दिवस आम्ही त्यांना हिराबाईंचे २४ गुंठे पाटीवर मांडून दाखवले. सात कुठं गेले, चार कसे आले. ताई बराच वेळ पाटीकडं बघत बसल्या, आणि म्हणाल्या, "माझी पोरगी उद्या कुणाची तरी नणंदच हाय की." अर्जात सगळ्यांची नावं गेली. दिरानं हरकत घेतली. सुनावणीला ताईंच्या बाजूनं कोण उभं राहिलं? तीच नणंद. ती म्हणाली, "वहिनीचं बी लावा आणि माझं बी." नोंद मंजूर झाली. उसाचं एक वर्षाचं बिल अजून मिळालेलं नाही, त्याचा दावा चालू आहे.

वकिलाचा खर्च कसा करायचा, असं विचाराल. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत. कोल्हापुरात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. फोन नंबर १५१००. आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय. हिराबाईंना मुंबई-दिल्लीपर्यंत जावं लागलं होतं.

सगळ्यात बरं ते, जे नवरा हयात असतानाच होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्याला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. घरात विषय काढायचा असेल तर इथून काढा. यात मरणाची गोष्ट नाही, नांदत्या घराची आहे.

तर या महिन्याच्या बैठकीला हप्त्याबरोबर प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा आणायचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा. नाव कुणाचं आहे, ते माणूस हयात आहे का, आणि आपलं नाव कुठं आहे, एवढे तीन प्रश्न विचारायचे. आणि शेजारी कुणाच्या घरात माणूस गेलं, तर आम्ही केली ती चूक करू नका. चार दिवस तिच्याजवळ बसा, तिला जेवू घाला, आणि पंधराव्या दिवशी तिच्याबरोबर चावडीत जा.

येतो आम्ही. नमस्कार.